काजळी उतरवणाऱ्या चित्रे मॅडम

आमच्या लॅबमध्ये वस्तू साफ होऊन परत जायच्या आणि किस्से मात्र मागे उरायचे! २०१० च्या आसपासची गोष्ट. पनवेलला एका गाळ्यात आम्ही संग्रहालयांच्या जुन्या वस्तू लेसरने साफ करायचो. आम्ही म्हणजे चित्रे मॅडम. मी मशीन चालू-बंद करायचे आणि चहा सांगायचे.

झोत काजळीवर पडला की 'टक्' असा आवाज येतो. काजळी उडाली की खालचा पांढरा दगड झोत परतवतो आणि आवाज थांबतो. मॅडम अर्धं काम कानाने करायच्या. एकदा शेजारी ड्रिल सुरू झालं, तर मशीन बंद करून बसल्या. "ऐकू येत नसताना हात कशाला लावायचा?"

उलव्याचा एक बिल्डर आजोबांचा संगमरवरी पुतळा घेऊन आला. "मॅडम, एकदम नवा करून द्या."

"नवा हवा तर मूर्तिकाराकडे जा. इथे जुनाच मिळेल."

न्यायला आला तेव्हा काळ्या थराखालून आजोबांच्या कपाळावरची, मूर्तिकाराने हुबेहूब कोरलेली खोक वर आली होती. गडी बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत उभा राहिला. मला मॅडमचा फार अभिमान वाटला.

पण खरी परीक्षा उरणच्या पारूबायने घेतली. कोळीवाड्याच्या छोट्या संग्रहालयात ठेवायची देवीची संगमरवरी मूर्ती धुराने काळी झाली होती. गावाला शब्द देऊन पारूबाय ती घेऊन आली. "टवका उडाला तं मना गावान तोंड दाखवाला जागा नाय," म्हणाली. "आमी आईला आग लावू देनार नाय."

मॅडमनी अंडं मागवलं, दिव्यावर धरून काळं केलं, लेसरने पांढरंशुभ्र केलं आणि तिच्यासमोर वाटीत फोडलं.

पारूबाय वाकून बघत म्हणाली, "कच्चाच हाय की!"

मूर्ती टेबलावर आली. लेसर डोळ्यांना वाईट, म्हणून चष्म्याशिवाय खोलीत कुणी थांबायचं नाही, हा मॅडमचा कडक नियम. चष्मे तीनच होते. मी एक पारूबायला दिला, एक मॅडमना, एक मी घातला. मॅडम म्हणाल्या, "आधी पाय साफ करू."

पारूबायने मशीनसमोर हात आडवा धरला. "आईचे डोले उघरंच हायेत. तिला चस्मा कुठं हाय?"

मला हसू आलं. मॅडमना नाही. त्यांनी माझा चष्मा काढून घेतला, देवीच्या डोळ्यांवर नीट बसवला आणि मला म्हणाल्या, "तू बाहेर थांब."