मिरच्यांची धुरी

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, दुधनीत बिजवराला दिलं होतं. पहिलं मूल पोटातच गेलं आणि ती बोलेनाशी झाली. जेवायची नाही, भिंतीकडं बघत बसायची, मधेच किंचाळायची. सासूनं ठरवून टाकलं, विहिरीत पडून मेलेल्या पहिल्या बायकोनं हिला धरलंय. देवऋषी आला. त्यानं अक्काला खांबाला बांधलं, मनगटांवर डागण्या दिल्या, सुक्या मिरच्यांची धुरी दिली. निखाऱ्यांवर मिरच्या सासूच टाकत होती.

हे कळल्यावर वडील तिला सोलापूरला घेऊन आले. मी तेव्हा कॉलेजात होते. दवाखान्यात वेड्यांचे डॉक्टर बसायचे. तिला तिथं न्यायची आईला भुतापेक्षा जास्त लाज वाटत होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, विजेचे झटके दिले. भूत खरं की खोटं, यावर ते काहीच बोलले नाहीत. मूल गेल्यावर घरात कोणी रडलं का, एवढं विचारलं. अक्का तिथं पहिल्यांदा रडली. उन्हाळा सरता सरता ती माझ्याशी भांडायला लागली, तेव्हा आम्हाला कळलं, ही बरी झाली.

नवरा न्यायला आला. ती निघाली, सोबत मी गेले. अमावास्येला सासूनं देवऋषीला पुन्हा बोलावलं, उरलंसुरलं भूत काढायला. संध्याकाळी अंगणात सगळी गल्ली जमली. त्यानं काही करायच्या आत अक्कानं केस सोडले आणि ती घुमू लागली. मग तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. नजर अगदी थंड होती.

"मी भूत न्हाय," ती म्हणाली. "मी देवी हाय."

भुताला मारतात, देवीच्या पाया पडतात. आधी देवऋषीनंच हात जोडले. मग सासू वाकली. देवीनं तिला त्याच खांबाशी बसवलं आणि धुरी घालायला सांगितली.

मी पुढं झाले. मिरच्या मुठीमुठीनं टाकल्या. सासूचा श्वास कोंडला, नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. ती उठायला गेली की अक्का म्हणे, "बस. अजून पाप हाय की." गल्लीतलं कोणी मधे पडलं नाही. अक्काच्या वेळीही पडलं नव्हतं.

त्यानंतर त्या घरात तिच्या अंगाला कोणी हात लावला नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, अंगात वगैरे येतं का? अक्कानं नाही म्हणून सांगितलं आणि गोळ्या घेतल्या. सासूचा खोकला लई दिवस हटला नाही, असं कानावर आलं. मी आईला म्हटलं, बरं झालं.