लच्चय्याची दवंडी

यादगिरीबद्दल लिहायचं तर आधी माझी लाज सांगायला हवी. मी उल्का, पुण्याची. सिंगापूरात वन-नॉर्थला नोकरी, वुडलँड्सला भाड्याचा फ्लॅट. यादगिरी इथेच लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं तेलंगणातलं गाव, मल्लारपल्ली, धरणाखाली गेलं आणि माणसं चहूकडे पांगली, म्हणून गावाचा इतिहास छापायचं ठरलं. छापणार श्रीनिवासराव. गावच्या दोरांचे, म्हणजे जमीनदारांचे, नातू आणि ऑफिसात माझे साहेब. अमेरिकेतल्या पोरांना वाचता यावं म्हणून पुस्तक इंग्रजीत हवं होतं. ते काम साहेबांनी गोड बोलून माझ्या गळ्यात मारलं.

माहिती मात्र सगळी यादगिरीने जमवली. दोन वर्षं हा गडी म्हाताऱ्यांना फोन करत होता. कुंभाराचं चाक कुठे होतं, बतुकम्माच्या सणाला फुलं कुठल्या पाण्यात सोडत, कुणाच्या विहिरीला कुणी शिवायचं नाही. रविवारी आमच्या ब्लॉकखालच्या बाकावर तो हिंदीत सांगे, मी टाइप करे. स्वतःसाठी त्याने एकच पान मागितलं. आजोबांचं.

आजोबा लच्चय्या हलगी वाजवून गावात दवंडी द्यायचे. दोरांच्या गल्लीत मात्र त्यांच्या हुकमाशिवाय हलगी वाजवायची नाही, असा रिवाज. एका पावसाळ्यात भर दुपारी तळ्याचा बांध फुटला. गल्ली जेवून झोपलेली. लच्चय्या हलगी बडवत थेट आत घुसले, आणि एकूण एक माणूस वाचला. पाणी ओसरल्यावर दोरांनी त्यांना गढीपुढे बोलावलं आणि उजव्या हाताची बोटं दगडाने ठेचली. विनाहुकूम वाजवली म्हणून! यादगिरीची आत्या बुच्चम्मा तेव्हा लहान होती. तिने ते समोर उभं राहून पाहिलं.

"मॅडम, बस इतना छपना चाहिए," तो म्हणाला होता.

श्रीनिवासरावांनी पान वाचलं. चिडले नाहीत. कॉफी मागवली, माझ्या एम्प्लॉयमेंट पासची, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्याची, मुदत कधी संपते ते विचारलं आणि म्हणाले, "उल्का, इतक्या जुन्या गोष्टी. जरा पॉझिटिव्ह करून टाक."

मी केलं. 'दोरांच्या हुकमावरून लच्चय्याने दवंडी दिली आणि गाव वाचलं.' दहा मिनिटं लागली. तेव्हा शरमबिरम काही वाटली नाही, खोटं कशाला बोलू?

प्रकाशन साहेबांच्या मरीन परेडच्या कॉन्डोत झालं. यादगिरी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. साहेबांनी माइकवरून त्याला पुढे बोलावलं आणि हातात हलगी दिली. "वाजव रे, तुमच्या तर रक्तातच आहे!" पाहुणे हसले. तो वाजवत राहिला, लोक नाचले, मीही टाळ्या पिटल्या. त्याची प्रत अजून पिशवीतच होती.

परतताना एमआरटीच्या फलाटावर त्याने ती उघडली. पान वाचलं, पुन्हा वाचलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात आत्याचा फोन आला. छापलेलं वाचून दाखवीन, असा शब्द त्याने तिला दिला होता. खोटं त्याला जमत नाही. छापलं होतं तसंच त्याने तेलुगूत सांगितलं. मग नुसताच ऐकत राहिला.

"क्या बोलीं?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"बोली, किताब में छपा है तो वही सच होगा. मैं छोटी थी, मुझे गलत याद रहा होगा."

लच्चय्यांना त्या बोटांत पुन्हा कधी घास धरता आला नाही. मरेपर्यंत त्यांना भरवलं ते या बुच्चम्मानेच.