उजव्या बाहीची चूक

काकू बाही लावायच्या ती अशी, की सुई कुठून शिरली ते शोधून दाखवा! नाटक मंडळीच्या कपड्यांच्या खोलीत बाकीची शिवण कुणीही करो, जुन्या काळच्या अंगरख्यांच्या बाह्या मात्र त्यांच्याच. त्यात दुसऱ्या कुणी हात घातला की काकूंचा पारा चढलाच.

आणि त्याच काकूंच्या बाहीला चुण्या पडल्या! त्याही कुणाच्या अंगावर, तर खुद्द यजमानांच्या. काका मंडळीत म्हातारा सेनापती करायचे. शेवटच्या प्रवेशात उजवा हात उंचावून सैन्याला थांबवायचं, एवढंच काम. पण त्या एका प्रवेशावर माणूस जगत होता.

"चष्मा बदल आता," काका सगळ्यांदेखत म्हणाले. खोलीभर हशा पिकला.

डावी बाही झकास बसली होती, उजवीच तेवढी ओढत होती. टाचण्या काढायच्या निमित्तानं काकूंनी खांदा चाचपला. मागच्या आजारपणानंतर तो चांगला दोन बोटं खाली उतरला होता, आणि हात वर जातच नव्हता. एका घरात राहून या बाबानं पत्ता लागू दिला नव्हता! काकूंना आधी संताप आला, मग वाईट वाटलं.

"काय बिघडलं?" दिग्दर्शकानं विचारलं.

"बेतताना चुकले मी," काकू म्हणाल्या. असं त्या जन्मात कधी म्हणाल्या नव्हत्या.

"तुम्ही? मग वय झालं म्हणायचं, काकू!"

हे मात्र काकांना झोंबलं. बायकोची थट्टा करायचा मक्ता त्यांचा एकट्याचा. "तिला बोलायचं काम नाही," ते कडाडले. "बाही बरोबर आहे. खांदा माझा उतरलाय. हात वर जात नाही."

दिग्दर्शक खाली बघत म्हणाला, "काका, मग दुसरा सेनापती बघावा लागेल."

"उद्यापर्यंत दम धर की जरा," काकू म्हणाल्या.

त्यांनी बाही उसवली. अंगरख्याचा उजवा खांदा उतरता केला. बाहीचा वरचा गोल ठेंगणा करून दंडात रुंदी दिली, म्हणजे बाही जिथं खांद्याला जोडतात त्या मुंढ्यात कोंबायला जास्तीचं कापडच उरेना. काखेत चौबगला, म्हणजे चौकोनी तुकडा जोडला. आता हात हलला तरी अंगरखा ओढला जाणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकांनी हात उचलला. तो खांद्याइतका आला आणि तिथंच थांबला. बाही मात्र सरळ, सुळसुळीत, चुणी औषधालाही नाही. समोर उघडा तळहात.

दिग्दर्शकानं चार पावलं मागं जाऊन बघितलं. "सैन्य थांबवायला एवढा हात पुरे," तो म्हणाला. "सेनापती तुम्हीच."

अंगरखा उतरवताना काका हळूच म्हणाले, "ए, उद्यापासून सकाळी सदरा तूच चढव मला. घाम फुटतो गं. हल्ली दार लावून घेतो ना, तेव्हा तेच चाललेलं असतं."

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, माझा कंटाळा आलाय तुम्हाला."