उरल्या मातीचा गणपती

१९७९ साली मी बेचाळीस वर्षांचा होतो. लष्करातून हवालदार म्हणून सुटून पाच वर्षं झाली होती आणि लखनौच्या छावणीत एका वर्कशॉपात पेंटर म्हणून लागलो होतो. गाडीचा दरवाजा असो, लाकडी पेटी असो, समोर येईल ते हिरवं करायचं, एवढंच काम. राहायला तेलीबागेत दोन खोल्या होत्या, मागं अंगण आणि हातपंप. मालकीणबाई भिंतीपलीकडं राहायच्या. सगळा मोहल्ला त्यांना अम्मा म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणायचो.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण मातीचं मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमचं घर साताऱ्याकडचं, कुंभाराचं. वडील वर्षभर मडकी करायचे आणि आषाढ लागला की गणपती. लखनौला त्या काळी आपला भाद्रपदातला गणपती मिळत नसे. मिळायचे ते दिवाळीतले, लक्ष्मीच्या जोडीचे, वीतभर, साच्यातून काढलेले. मग मीच करू लागलो. आधी घरापुरता, मग छावणीतल्या मराठी जवानांच्या घरांसाठी, पुढं मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतूनही निरोप यायला लागले. साचा मात्र मी कधी वापरला नाही. कुणी म्हटलं, हवालदार, साच्यानं लवकर होतील, तर मी सांगायचो, मग बाजारातून घ्या. साच्यातून निघतं ते खेळणं. आजही माझं तेच म्हणणं आहे.

त्या वर्षी छावणीतल्या आणि रेल्वेतल्या घरांनी मिळून काढलेल्या मंडळानं पहिल्यांदा मोठा गणपती सांगितला, बसलेला, कमरेइतका उंच. मंडळाचे सेक्रेटरी रेल्वेत क्लार्क होते, पुण्याकडचे. म्हणाले, "जमेल ना हवालदार? नाहीतर नागपूरहून मागवतो." जमेल ना, हे विचारणंच मला लागलं. दुसऱ्या दिवसापासून तळ्यावरून सायकलनं मातीची पोती आणायला सुरुवात केली.

माती दरवर्षी बायको तुडवायची. साडी खोचून अंगणात उभी राहायची आणि तुडवता तुडवता मला टोमणे मारायची. त्या वर्षी माती भिजवून झाली तरी ती उंबऱ्यावरच बसलेली.

"उतर की," मी म्हटलं.

"यंदा नाही तुडवायची मी."

"का? पाय दुखतात?"

"नाही दुखत."

"मग?"

"मग काय? नाही तुडवायची म्हणजे नाही."

मी रागारागानं स्वतःच तुडवायला लागलो. चार पावलं टाकली असतील, तेव्हा डोक्यात उजेड पडला. वळून बघितलं तर ती हसत होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. आधी दोनदा दिवस गेले होते, एकदा लष्करात असताना झाशीला आणि एकदा इथंच, आणि दोन्ही वेळा मूल राहिलं नव्हतं.

"कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "अम्मांनाही नाही. दोनदा सांगून बसले, दोनदा लोक समजूत घालायला आले. आता नको."

मी कबूल केलं. तो सगळा आषाढ-श्रावण मी असा कामाला लागलो, की तसा पुन्हा कधी लागलो नाही. वर्कशॉपातून यायचं, हात धुवायचे आणि मातीला बसायचं. मंडळाच्या गणपतीची सोंड मी तीनदा मोडून पुन्हा केली. ब्रशनं डोळे लिहिले त्या दिवशी मला स्वतःलाच त्याच्यासमोर मोठ्यानं बोलवेना. असं काम माझ्या हातून एकदाच झालं. सेक्रेटरी बघायला आले, चपला काढून मूर्तीभोवती फिरले. शेवटी म्हणाले, "नागपूरला असा नसता मिळाला." मी म्हटलं, "माहीत आहे मला."

घरचा गणपती मी नेहमी सगळ्यात शेवटी करायचो, उरल्या मातीचा. बायको दरवर्षी म्हणायची, "लोकांच्या घरी देव, आमच्या घरी उरलंसुरलं." त्या वर्षी चतुर्थी दोन दिवसांवर आली तेव्हा मी तो करायला घेतला. वाळायला ऊन नव्हतं. आतून ओलाच असताना रंगवला आणि आतल्या खोलीत, तिच्या खाटेच्या पायथ्याशी चौरंगावर बसवला.

अनंत चतुर्दशीला मंडळाचा ट्रक निघायचा. मोठ्या गणपतीबरोबर वाटेतल्या घरांचे गणपती घ्यायचे आणि सगळे मिळून गोमतीवर जायचं, अशी पद्धत. आमच्या घरासमोर, रायबरेली रस्त्यावर ट्रक थांबला. ढोलकी चालू होती, बायका, पोरं, सगळे वर बसलेले. सेक्रेटरींनी हाक मारली, "हवालदार, आणा तुमचा!"

आता आमच्याकडं रीत अशी, की घरात बाई गरोदर असेल तर गणपती बुडवायचा नाही. बाळंतपण होईपर्यंत बसला तिथंच ठेवायचा, जागचा हलवायचाही नाही. हलवला की विसर्जन झालं. माझ्या आईनं हे पाळलं होतं. मी विचार केला होता की ताप आहे, नंतर नेतो, असं काहीतरी सांगू. पण मला खोटं चटकन सुचत नाही.

"आमचा नाही येणार," मी म्हटलं.

"का?"

"नाही येणार."

"अहो, पण का? भंगला का काय?"

मी केलेला गणपती भंगला, आणि तेही सगळ्या ट्रकसमोर विचारलेलं! मी ताडकन म्हणालो, "भंगायला काय झालंय? घरात बाई पोटुशी आहे, म्हणून नाही येणार!"

ढोलकी थांबली. मग बायकांनी वरूनच आनंदानं गलका केला. कुणीतरी मूठभर खोबरं माझ्या हातात कोंबलं. घरी आलो तर ती दारामागं उभी. सगळं ऐकलेलं.

"सगळ्या लखनौला सांगून आलात?"

"त्यानं भंगला म्हटलं..."

"म्हणू द्यायचं होतं."

एवढंच बोलली आणि आत गेली. त्यानंतर आमचा गणपती म्हणजे दारावर पाटी लावल्यासारखा झाला. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडं बघायचा, मग तिच्या पोटाकडं. अम्मा तर रोजच डोकवायच्या. "काहे भैया, तुम्हरे गनेस जी अबहीं गए नहीं?" कारण कळल्यावर त्यांनी बायकोवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. दिवाळीत स्वतःचे लक्ष्मी-गणेश मांडताना म्हणाल्या, "हमरे यहाँ तो साल भर बैठे रहत हैं, दुल्हिन. अगली दिवाली में नए आते हैं, तब पुराने जाते हैं. फिकर न करो."

पाचव्या महिन्यात थोडं रक्त गेलं आणि डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेवरून उठायचं नाही असं सांगितलं. घरकाम माझ्या अंगावर पडलं. लष्करात राहिलेला माणूस, भांडी घासून मी ती भिंतीला उंचीप्रमाणं लावून ठेवायचो. ती खाटेवरून म्हणायची, "ही परेड कुणासाठी?" वर्कशॉपातून आल्यावर हात कितीही धुतले तरी कणकेला टर्पेंटाइनचा वास यायचा. ती पोळी नाकाशी नेऊन म्हणायची, "अहो, पोर हिरवं जन्मायचं." तेव्हा मी हसलो होतो. ते दिवस तसे बरे होते.

मग थंडी पडली. तिला हुडहुडी भरायची म्हणून मी आतल्या खोलीत अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, ठेवायला लागलो, आणि चारच दिवसांत गणपतीच्या बैठकीला केसाएवढी चीर दिसली. मातीचं मला कळतं. बाहेरून शेक आणि रंगाखाली अजून कोंडलेली ओल, दुसरं काय होणार? मी बारीक मातीची लापशी केली आणि भरली. दोन दिवसांनी चीर शेजारून निघाली आणि मांडीपर्यंत चढली.

तिच्या डोळ्यांसमोरच होतं सगळं. दिवसभर पडून दुसरं काय बघणार?

"वर चढतेय," ती म्हणाली.

"माती आहे ती. सुकते, आकसते. मी कुंभाराचा पोरगा आहे, मला सांगतेस?"

"मला मातीचं नका सांगू. आणि त्याला आता हात लावू नका."

"भरायला तर पाहिजे."

"तुम्ही भरता आणि ती वर सरकते. बघतेय मी."

अंगीठी तिच्याजवळ ठेवावी तर चीर वाढते. दूर न्यावी तर ती कुडकुडते. गणपती बाहेरच्या खोलीत नेऊ म्हटलं, तर हलवायचा नाही. तिची खाट बाहेर नेऊ म्हटलं, तर तिथं वर पत्रा आणि दाराच्या फटींतून येणारं धुकं. मी एका बाजूला गोणपाट टांगून बघितलं, अंगीठी उंबऱ्यावर ठेवून बघितली, विटा रचून आडोसा केला. विटांना हसत अम्मा म्हणाल्या, "भैया, ई का चूल्हा बनाय रहे हो?" कशानंही काही झालं नाही. मंडळाच्या त्या मोठ्या गणपतीला एक रेघ आली नव्हती, आणि या वीतभर मूर्तीपुढं मी रोज हात बांधून बसायचो. एकदा अम्मा बायकोला रिक्षानं दवाखान्यात तपासायला घेऊन गेल्या, तेवढ्यात मी घाईघाईनं चीर भरली आणि वरून रंग दिला. ती आली, टेकली आणि एकदाच बघून म्हणाली, "रंग वेगळा लागलाय." मग तोंड भिंतीकडं केलं. माझा हात आयुष्यात कुणाला असा नकोसा झाला नव्हता.

पौषात, सातवा सरत असताना, पहाटे तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. धुकं इतकं, की रिक्षावाल्याच्या पुढं कंदील घेऊन मी पायी चाललो. दुपारी दवाखान्यात मुलगी झाली. कापसात गुंडाळून काचेच्या पेटीत ठेवली होती. एवढासा जीव, पण नखं होती, भुवया होत्या, सगळं नीट झालेलं. मी काचेवर हात ठेवला तर नर्स म्हणाली, "बाबूजी, हाथ मत लगाइए." मी खिशात हात घालून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोर गेली. एवढ्या लहान मुलांना पुरतात. शेजारचे दोघे जण माझ्याबरोबर आले, आणि त्यांनीच सगळं केलं. मला फावडं नीट धरता येत नव्हतं.

बायकोला घरी आणलं त्या संध्याकाळी सेक्रेटरी आणि त्यांच्या घरच्या भेटायला आले. डिंकाचे लाडू आणले होते. मूल नसलं तरी बाळंतीण ती बाळंतीणच. त्या आत बसल्या, आम्ही बाहेर. जरा वेळानं सेक्रेटरी हळूच म्हणाले, "हवालदार, आता तो गणपती ठेवून उपयोग नाही. चांगलं दिसत नाही. उद्या सकाळी स्कूटर घेऊन येतो, दोघं जाऊन पोचवून येऊ." माणूस मनानं वाईट नव्हता. रीतही तीच होती, बाळंतपण झालं की बुडवायचा. मी मान हलवली. तेव्हा कुणी काहीही म्हटलं असतं तरी मी मान हलवली असती.

ते गेल्यावर मी आत गेलो. ती बसून होती, अंगावर माझा लष्करातला कोट.

"काय म्हणत होते?"

"काही नाही."

"मी ऐकलंय. कुठं नेताय त्याला?"

"नदीवर. रीत आहे."

"रीतीनंच तर बसवला होता."

मी अंगीठीतली राख उकरायला लागलो.

"चिरला म्हणून नेताय?" तिनं विचारलं.

"नाही गं. बाळंतपण झालं, म्हणून."

"झालं का?" ती म्हणाली. मग गणपतीकडं वळली. "माझ्याबरोबर पाच महिने या खोलीत हाच होता. तुम्ही कामावर, अम्मा त्यांच्या घरी. पोटातली लाथ मारायची ते मी यालाच सांगायचे. आता यालाही न्या आणि भिंत ठेवा मला बघायला."

मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगायला तुम्ही आहात की. ट्रकभर लोकांना सांगता येतं तुम्हाला."

ते टोचून बोलली का साधंच, हे मला आजही ठरवता येत नाही. अंगीठी पेटवून मी ती तिच्या खाटेजवळ सरकवली. तिनं ती दूर लोटली नाही, आणि मीही चीर बघायला वाकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर आली. सेक्रेटरींनी पाट आणि नवं वस्त्र आणलं होतं. मी दारातच उभा राहिलो.

"नाही न्यायचा," मी म्हटलं.

"काल तर हो म्हणालात."

"काल म्हणालो."

"अहो हवालदार, बाळंतपण झाल्यावर असा ठेवत नाहीत. आमच्यात काय, तुमच्यातही नाही ठेवत. कुणालाही विचारा."

"नाही विचारायचं मला कुणाला."

"ठीक आहे, पण चिरलेला देव घरात..."

"मी केलाय तो. माझ्या घरात आहे. तुम्ही चहा घेणार का?"

त्यांनी चहा घेतला नाही. स्कूटर वळवून गेले. मी दार लावलं, पंपावरून दोन बादल्या पाणी आणलं आणि तिच्या अंघोळीसाठी तापत ठेवलं.