सालीच्या रंगाची पँट

कपड्याचं एक टोक पायाखाली दाबायचं, दुसरं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं आणि ओरडायचं, "ओढ! फाटला तं फुकट ने."

बोईसर स्टेशनबाहेर माझ्या शिलाईच्या दुकानाच्या पायरीवर बसून ती जुने कपडे विकायची. दातिवऱ्याची कोळीण. मी तिला मावशी म्हणे, ती मला मास्तर. हुज्जत घालणाऱ्याच्या तोंडावर तोच कपडा सपकन बसायचा. तुम्ही असतात तर तुम्हीही मुकाट्याने पैसे काढले असतेत.

तेव्हा तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. देशावरून आलेली बिऱ्हाडं बोईसरात भाड्याच्या खोल्यांत राहत. त्यांतल्या एका ट्रक ड्रायव्हरची बायको एका सकाळी आली. ओठ फाटलेला, कान सुजलेला. पदराखालून तिनं जाड, निळी जीनची पँट काढली. एका परदेशी इंजिनिअरनं जाताना नवऱ्याला दिलेली, फारशी न वापरलेली.

"माहेरी जायचंय. गाडीभाडं सुटलं तरी पुरे."

मावशीनं पँटीकडे पाहिलंच नाही. त्या कानाकडे पाहिलं आणि कमरेचा बटवा तिच्या ओंजळीत उपडा केला. "पल. मागं बघू नको."

पँट ओळखू येऊ नये म्हणून मावशीनं ती गावी नेली आणि जाळी रंगवायला ऐनाची साल उकळतात त्या पिंपात बुडवली. निळ्याची काळपट तपकिरी झाली. मग बाजारच्या दिवशी तिनं ती बिनधास्त टांगली.

खिशांच्या कोपऱ्यांवरचे तांब्याचे खिळे मात्र तसेच होते. ड्रायव्हरनं ते ओळखले. हातात ट्रक फिरवून सुरू करायचं लोखंडी हँडल.

"माझी बायको कुठाय?"

"मी कापडं इकते, बायका नाय."

त्यानं तिच्या छातीत लाथ घातली. ती पायरीवरून खाली कोसळली. "सांग!" म्हणत त्यानं हँडल हाणलं. तिचं कोपर मोडल्याचा आवाज मला मशीनवर ऐकू आला. "सांग!" पुन्हा एक. ती त्याच्या तोंडावर रक्त थुंकली. मी मधे पडलो आणि माझा पुढचा दात गेला.

तेवढ्यात तिनं डाव्या हातानं पायरीवर तापत ठेवलेली माझी कोळशाची इस्त्री ओढली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. निखारे उडाले. तो गुरासारखा ओरडला. हमालांनी त्याला दाबून धरलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

मावशीचा हात लोंबत होता. बघत उभ्या राहिलेल्या रेल्वेच्या एका गँगमनवर ती खेकसली, "बघत काय उभा? घे ही पँट. पक्का रंग हाय, रगत पन दिसत नाय."

त्यानं निमूट घेतली. मी रक्तानं भरलेल्या तोंडानं हसलो. ती मात्र एकदम रडायला लागली. "मास्तर, पोरगी पोचली असल ना?"

ते कोपर पुढे सरळ झालंच नाही. गाठोडं उचलेना, तशी ती यायची थांबली. पुढच्या पावसाळ्यानंतर दातिवऱ्याच्या एकानं ती गेल्याचं सांगितलं.

त्यानंतर काही महिन्यांनी ड्रायव्हरची बायको आली. अंगावर बरं लुगडं, हातात नारळ. "मावशी कुठं बसतात आता?"

मी सांगितलं. ती नारळ मांडीवर धरून, गाडीची घंटा होईपर्यंत त्या पायरीवर बसून राहिली.