पर्नेल कुठे राहतात?

डॉर्कस पर्नेलला कुणी 'मावशी' म्हटलं की तिच्या हातातली इस्त्री थांबायची.

"मावशी? म्हणजे तुमची आई माझी बहीण झाली! मग ती दिवाणखान्यात आणि मी तंबाखूच्या शेतात, अशी वाटणी कुणी केली हो?"

गोरी मंडळी हसायची. म्हातारी भारी गमतीची, म्हणायची.

म्हातारी कसली, चाळिशीची बाई! पण काळ्या बाईला 'मिसेस' म्हणायला अमेरिकेच्या उत्तरेतल्या, गुलामी न पाळणाऱ्या भल्या माणसांचीही जीभ रेटत नव्हती. धुणं न्यायला आली तरी मावशी, व्यासपीठावर चढली तरी मावशीच.

डॉर्कसचा जीव मात्र आडनावात अडकला होता. दक्षिणेकडे मेरीलँडच्या ज्या मळ्यावर ती जन्मली, तिथला मालक गुलामांना आडनाव लावू देत नसे. झोपड्यांतून ते चोरून जपलेलं असायचं, मालकाच्या कानाआड. पर्नेल हे तिच्या आज्याचं. तिची लेक तमार लहानपणीच विकली गेली. त्या सकाळी गाडीच्या चाकाला धरून डॉर्कसने लेकीच्या कानात घातलं होतं, "पळशील तेव्हा उत्तरेला ये, मीही तिकडेच पळेन. डॉर्कस हे नाव चुकूनही घेऊ नकोस, पकडणारे त्याच नावाचा माग काढतील. पर्नेल कुठे राहतात, एवढंच विचार. जिथं असेन तिथं मी पर्नेल म्हणूनच असेन."

पुढे डॉर्कस स्वतःच पळाली. कालव्याकाठच्या या गावात धुणं-इस्त्री करू लागली, गुलामीविरोधी मंडळाच्या सभांत बोलू लागली. चाबूक ओढल्यासारखं बोलायची. मंडळाचे चिटणीस मिस्टर लॉथ्रप सज्जन गृहस्थ. पळून आलेल्यांना स्वतःच्या घरात लपवायचे, त्यासाठी तुरुंगाची तयारी ठेवायचे. पण सभेत उभे राहिले की, "आता बोलेल आपली लाडकी डॉर्कस मावशी!"

"साहेब, मिसेस पर्नेल म्हणा."

"अगं, मावशी म्हटलं की लोकांना आपलं वाटतं. पर्नेलला कोण ओळखतंय इथं?"

"ओळखणारा एकच जीव आहे. त्याच्या कानावर जायला हवं."

लॉथ्रपनी मान डोलावली आणि पुढच्या सभेत पुन्हा तेच. दया करणाऱ्याला नाव लक्षात ठेवायचे कष्ट कशाला?

एका सोमवारी ती धुण्याचं गाठोडं न्यायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. साहेब खुशीत होते.

"मावशी, परवा एक तरणी पोरगी आली होती. काय हट्टी! स्वतःचं नाव सांगेना, आईचं सांगेना. एकच धोशा, पर्नेल कुठे राहतात?"

डॉर्कसने गाठोडं खाली ठेवलं. "तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, पोरी, त्या नावाचं गावात कुणी नाही. तर म्हणाली, मग मेली असेल. आज पहाटे सरोवरापलीकडे जाणाऱ्या आगबोटीत बसवली. एव्हाना कॅनडात, सुखरूप!"

"साहेब, माझं नाव काय?"

"हे काय विचारणं झालं? डॉर्कस..." आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

तिने गाठोड्याची गाठ सोडली. पाहुण्यांच्या खोलीतल्या उशीचा अभ्रा बाहेर काढला. तिनेच खळ घालून, इस्त्री करून दिलेला. लेक त्यावर डोकं टेकून गेली होती. तेवढा घेऊन ती निघाली. बाकीची मळकी कापडं तिथंच पडली.

दुसऱ्या दिवशी तीही सरोवर ओलांडून कॅनडात गेली. गावोगाव पर्नेल विचारत हिंडली. आई मेली असं धरून चाललेली पोर आता कुठलं नाव सांगत असेल, कुणाला विचारणार? हिवाळ्यात बोटी बंद व्हायच्या आधी ती एकटीच परतली.

पुढच्या सभेत लॉथ्रप घसा ताणून ओरडले, "मिसेस डॉर्कस पर्नेल!"

ती उठली. "आता मावशीच म्हणा, साहेब. जिच्यासाठी ते नाव राखलं होतं, तिला तुम्हीच बोटीत बसवून आलात."

लोकांना काय ठाऊक? मावशीचा नवा विनोद समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या.