सासूबाईंच्या मोतीबिंदूचा कौल

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आणखी लांबवलं तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण देवीचा कौल घेतल्याशिवाय त्या ऑपरेशनला तयार नव्हत्या. फुलंब्रीकडच्या त्यांच्या गावात म्हातारे गुरव देवीला दोन्ही बाजूंनी फुलं चिकटवायचे. उजवं आधी पडलं की होकार. ते गुरव आता अंथरुणाला खिळले होते.

"मग कौल देणार कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"मी शिकते," मी म्हणाले.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण शिवणकाम, स्कूटर, जीएसटी, सगळं मी गरज पडल्यावरच शिकले. हेही जमेल असं वाटलं. मोबाइलवर व्हिडिओ भरपूर होते.

सुरुवात चहापासून केली. कपाच्या तळाशी उरलेल्या पानांचे आकार बघून भविष्य सांगायचं. व्हिडिओतल्या बाईचा चहा नुसत्या पाण्यातला होता, आमचा दूध-आलं घालून उकळलेला, तोही भुकटीचा. मी न गाळताच कप भरला.

"चिखल पाजतीस व्हय?" सासूबाईंनी पहिल्याच घोटाला विचारलं.

तळाशी काळा गाळ आणि आल्याचा तुकडा. नवरा कपात डोकावला. "स्पष्ट आहे की. गाळणी वापरा म्हणतोय."

मग दोऱ्याला अंगठी बांधून सासूबाईंच्या तळहातावर धरली. गोल फिरली तर होकार. फिरली छान, पण पंखा चालू होता. बंद केल्यावर जागची हलेना.

"तिला उकडतंय," सासूबाई म्हणाल्या.

शेवटी टॅरोचे, म्हणजे चित्रांवरून भविष्य सांगायचे पत्ते मागवले. पहिलाच पत्ता असा निघाला की मी तो पटकन हाताखाली झाकला.

"काय चित्र हाय?"

"इमारत आहे."

"धड हाय का?"

"वीज पडलीय थोडी."

"आन् माणसं?"

"खाली येताहेत."

"जिन्यानं?"

मी घाईघाईनं पत्ते पिसले आणि त्यांनाच एक ओढायला सांगितला. सूर्य निघाला. खाली पांढऱ्या घोड्यावर हसरं लेकरू. "बघा, किती चांगला आलाय," मी म्हणाले.

त्यांनी पत्ता नाकाला लावला, खिडकीकडं धरला, तिरपा केला. "मला नुसता पिवळा डाग दिसतोय. तू सांगतीस ते खरं कशावरून? तुला तर ऑपरेशन करायचंच हाय. गुरवाचं फूल मी माझ्या डोळ्यानं पडताना बघायची."

"मग हेही बघा तुमच्या डोळ्यानं."

त्यांनी पत्ता दोन्ही बाजूंनी चाचपला. "एकाच डोळ्याचं केलं तर दिसल का?"

"दिसेल."

"मग एकच करू. पत्ता जपून ठेव."

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पार पडलं. पट्टी निघाल्यावर घरी आल्या त्या काळा चष्मा लावून, आणि चहाच्या आधी पत्ते मागितले. सूर्याचा पत्ता हातभर लांब धरून त्यांनी नीट न्याहाळला.

"सूर्य हाय. घोडा हाय. खोटं नव्हतीस बोलत." मग माझ्याकडं वळल्या. "पण लेकराच्या अंगावर कपडा नाय, हे नाय सांगितलंस."

दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यांनीच डॉक्टरांना विचारून घेतली.